शिक्षा नव्हे, तालीम

वर्गात अधूनमधून मी फळ्यावर एकच शब्द लिहिते आणि मुलांना त्याचा अर्थ विचारते. शब्द असतो 'शिक्षा'. मराठी मुले एका सुरात सांगतात, "दंड." हिंदीतून शिकून आलेला एखादा विद्यार्थी म्हणतो, "शिक्षण." दोघेही बरोबर असतात. एकाच धातूतून निघालेला शब्द एका घरात छडी झाला आणि शेजारच्या घरात पाटी-पेन्सिल. उर्दूत मात्र हा घोळ नाही. तिथे दंडाला 'सजा' म्हणतात आणि शिक्षणाला 'तालीम'. गंमत अशी, की हा 'तालीम' शब्द मराठीत आला तो थेट लाल मातीत उतरला. आपल्याकडे तालीम म्हणजे आखाडा, आणि नाटकाचा सराव म्हणजेही तालीमच. 'उस्ताद'चा आपण 'वस्ताद' केला आणि त्याच्या हाती पोरे सोपवली.

वर्गात ही शब्दांची गंमत म्हणून खपून जाते. पण संकट दाराशी येते तेव्हा माणूस यातला कोणता अर्थ उचलतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. अवकाळीने काढणीला आलेला गहू आडवा झाला, तरण्या मुलाची नोकरी गेली, घरातल्या बाईच्या दुखण्याचे नाव डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितले, की घर हिंदूचे असो वा मुसलमानाचे, पहिला प्रश्न एकच निघतो: देवा, कसली ही शिक्षा? या अल्लाह, कोणत्या गुन्ह्याची सजा?

हा प्रश्न मी फार जवळून ऐकला तो २०२० च्या रमजानमध्ये, सारोळ्यात.

सारोळे माझे माहेर. पुणे-सातारा महामार्गावर, नीरा नदीच्या अलीकडे. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा लागतो. रस्त्याच्या कडेला अब्बांचे पंक्चरचे दुकान होते. एक कॉम्प्रेसर, पाण्याने भरलेली घमेली, टायर उघडायच्या लोखंडी पहारी आणि गिऱ्हाइकाला टेकायला एक लाकडी बाक. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा कुठून येतो ते पाहायचे, तिथे बोट ठेवायचे. चाळीस वर्षे अब्बांनी हेच केले आणि त्यावर आम्हा भावंडांना शिकवले.

मार्चमध्ये मी मुलांना घेऊन चार दिवसांसाठी माहेरी आले होते. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि मी तिथेच अडकले. महिनाभराने, २५ एप्रिलला, पहिला रोजा आला. दुकान बंद होते. मशीद बंद होती. तरावीहची नमाज ज्याने त्याने आपापल्या घरी पढायची होती. त्यात अब्बांच्या डॉक्टरांनी फोनवर बजावले, की इन्सुलिन चालू आहे, आदल्या वर्षी रोजात साखर उतरून चक्कर आली होती, तेव्हा यंदा एकही रोजा नको, आणि यापुढेही नको.

मिसरूड फुटल्यापासून ज्या माणसाने रोजा चुकवला नव्हता, तो त्या पहिल्या सहरीला उठून नुसताच बसून राहिला. आम्ही खात होतो, ते पाहत होते. मग म्हणाले, "बेटा, दुकान बंद, मशीद बंद, आता रोजाही बंद. अल्लाहने मला तिन्ही दारांतून बाहेर काढलं. असा काय गुन्हा झाला गं माझ्या हातून?"

मी एम.ए. झालेली, सुफी काव्यावर व्याख्याने देणारी बाई. 'सब्र करा, अब्बा' यापलीकडे मला काही सुचले नाही, आणि तेही तोंडातून निघताच पोकळ वाटले. तेव्हा मी वादात न शिरता कुरआनातला तो भागच काढला जिथे रोजाची आज्ञा आहे. दुसरी सूरह, 'अल्-बकरा'. रोजे फर्ज केल्याचे सांगून लगेच तिथे सवलती येतात. आजारी आहात, प्रवासात आहात, तर नंतर भरून काढा. भरून काढणेही झेपणार नसेल तर एका रोजामागे एका गरजूला जेवू घाला. त्याला फिद्या म्हणतात. आणि हे सारे का, तर अल्लाहला माणसाला अडचणीत टाकायचे नाही, त्याच्यासाठी सोपे करायचे आहे, असेही तिथेच सांगितले आहे.

अब्बांनी हे आयुष्यात शंभरदा ऐकले असेल. पण ते 'दुसऱ्या आजारी माणसांसाठी' आहे असेच त्यांनी धरले होते. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी बोटे मोजली. "म्हणजे तीस जेवणं," ते म्हणाले.

ते दिवस वाचकांना आठवत असतील. कारखाने बंद झालेले मजूर महामार्गाने पायी निघाले होते. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे. दुसऱ्या दिवसापासून अब्बा दुकानासमोरच्या बाकावर बसले. तोंडाला रुमाल, शेजारी पाण्याचा माठ, टोपलीत अम्मांनी केलेल्या चपात्या आणि कोरडी भाजी. तीस जेवणांचा हिशेब पहिल्या चार दिवसांतच मागे पडला. शेजारच्या काकूंनी "आमचं पीठ काय वेगळंय का?" म्हणत स्वतःच्या भाकऱ्या टोपलीत टाकायला सुरुवात केली. एका दुपारी सायकलवरून निघालेले तिघे आले. एकाची ट्यूब फाटली होती. अब्बांनी शटर अर्धे वर केले, घमेले भरले आणि कितीतरी दिवसांनी बुडबुडा शोधला. पैसे घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही इफ्तारला बसलो तेव्हा ते म्हणाले, "मला वाटत होतं सजा झाली. ही तर बदली झाली. यंदा माझी ड्यूटी माठावर लावली त्याने."

हे वाक्य मी त्यांना म्हणाले असते तर तो कोरडा उपदेश झाला असता. ते म्हणाले, म्हणून ती श्रद्धा झाली. हा फरक मला आजच्या लेखात सांगायचा आहे.

आधी रोजाकडेच पाहू. उपास ही शिक्षा असती तर ती कशी असती? जितका त्रास जास्त, तितके पुण्य जास्त, असा तिचा हिशेब असता. पण इस्लाममधला रोजा तसा नाही. पहाटे उठून सहरीचे खाणे खावे, त्यात बरकत आहे, अशी हजरत पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. सूर्य मावळला की रोजा सोडायला उगाच उशीर करू नये, असेही त्यांनी सांगितले. रात्रीही न खाता दिवसाला दिवस जोडून उपास ओढण्याला त्यांनी आपल्या अनुयायांना मनाई केली. आजाऱ्याला सूट, प्रवाशाला सूट, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला सूट. म्हणजे या कष्टाला सुरुवात आहे, शेवट आहे, सोबत आहे आणि पायरीपायरीला सवलत आहे.

तालमीतला वस्ताद असाच असतो. तो पोराला मातीत पाडतो, घाम गाळायला लावतो, दमला तरी शंभर जोर मारून घेतो. पण पोराचा हात पिरगळायला लागला की तोच मध्ये पडून कुस्ती सोडवतो, अंगाला तेल लावतो, खुराकाची चौकशी करतो. पोर मोडावे म्हणून तो पाडत नाही. उद्या खऱ्या मैदानात टिकावे म्हणून पाडतो. अरबीत ईश्वराला 'रब' म्हणतात. त्याचा अर्थ नुसता मालक असा नाही. पोसणारा, वाढवणारा, टप्प्याटप्प्याने पूर्णत्वाला नेणारा, असा आहे. फारसीतून उर्दूत आलेला 'परवरदिगार' तेच सांगतो: पालनपोषण करणारा. जो पोसतो त्याच्याच शिस्तीवर माणसाचा विश्वास बसतो. दाणा न घालता नुसती छडी उगारणाऱ्याला कोणी वस्ताद म्हणत नाही.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. युद्धानंतर कैदेत आलेल्या लोकांत एक बाई कावरीबावरी होऊन हिंडत होती. मूल दिसले तसे तिने ते उचलून पोटाशी धरले आणि पाजले. पैगंबरांनी (स.) सोबत्यांना विचारले, ही बाई आपले मूल आगीत टाकेल का? ते म्हणाले, तिच्या हातात असेतोवर कधीच नाही. त्यावर पैगंबरांनी (स.) सांगितले, की या आईची मुलावर जितकी माया आहे त्याहून अल्लाहची आपल्या बंद्यांवर अधिक आहे. ज्याला वाईट दिवसांत आशा धरायची आहे, त्याने संकटाचे कारण शोधत बसण्याआधी ही आई आठवावी. कारण कळो न कळो, हात कोणाचा आहे ते कळले की भीती निम्मी होते.

पण इथे एक मोठा धोका आहे आणि तो धार्मिक माणसांकडूनच अधिक होतो. 'ईश्वर मला घडवतो आहे' हे वाक्य ज्याच्यावर वेळ आली आहे त्याच्या तोंडी शोभते. तेच वाक्य दुसऱ्याच्या दुःखावर चिकटवले की ते दगडासारखे लागते. मूल गमावलेल्या आईला 'अल्लाहची परीक्षा आहे' म्हणणारे, कर्जात बुडालेल्याला 'मागच्या जन्मीचे' म्हणणारे, दोघेही सांत्वनाला आलेले असतात आणि न्यायाधीश होऊन परत जातात. २०२० मध्ये हे आपण सगळ्यांनी पाहिले. एका आजाराला धर्म चिकटवणारे मेसेज फोनाफोनांतून फिरत होते. आमच्यातलेही काहीजण दुसऱ्यांकडे बोट दाखवून 'हा अजाब आहे', म्हणजे ईश्वरी कोप आहे, असे ठासून सांगत होते. विषाणूने दोघांचेही ऐकले नाही. मशिदीत तरावीह झाली नाही, तशी त्या वर्षी आषाढीची पायी वारीही झाली नाही. दरवर्षी आमच्या सारोळ्यावरून वाहत गेलेल्या नीरेच्या पाण्यात, खाली नीरा गावी, ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांना स्नान घातले जाते. त्या वर्षी पालख्यांच्या पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या. देवाने कोणाला शिक्षा केली म्हणायचे? वारकऱ्यांना की नमाजींना?

या बाबतीत मला आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या देहूच्या तुकाराम महाराजांचे उदाहरण फार मोठे वाटते. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले, गावात पत गेली. पुढे एका अभंगात ते हीच यादी देवापुढे मांडतात आणि हे सगळे घडले ते माझ्या भल्याचेच झाले, कारण त्यामुळे मी तुझ्याकडे वळलो, अशा अर्थाचे बोलतात. दुःखाला तालीम म्हणण्याचे याहून धीट उदाहरण मराठीत शोधून सापडणार नाही.

पण तुकोबांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती आपण अभंगाइतकी ध्यानात ठेवत नाही. घराण्याची सावकारी होती. दुष्काळात नाडलेल्या कुळांची कर्जखते हाताशी होती. 'तुम्हालाही देव शिकवतो आहे, सोसा' असे ते कुळांना म्हणाले नाहीत. परंपरा सांगते, की आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. स्वतःच्या दुःखाला त्यांनी देवाची कृपा म्हटले, दुसऱ्याच्या दुःखाला मात्र आपली जबाबदारी मानले.

हा भेद आमच्या भोर भागाला तर चांगलाच कळायला हवा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाला. त्यानंतर नीरेचा डावा कालवा आला, भाटघरला पाणी अडवले गेले, आणि १९२० च्या दशकात आजचे मोठे धरण पूर्ण झाले. खाली बारामती-इंदापूरकडची कोरडी जमीन भिजली. तिथला शेतकरी त्या दुष्काळातून काहीतरी चांगले निघाले असे म्हणू शकेल. पण वर भोरच्या खोऱ्यात ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांना हे कोणी सांगावे? उन्हाळ्यात जलाशय उतरला, की कांबरे येथील कांबरेश्वराचे जुने देऊळ पाण्यातून वर येते आणि आठवण करून देते, की एकाची सुटका दुसऱ्याच्या अंगणातून गेलेली असू शकते. संकटाचा अर्थ लावायची घाई त्यातून निभावलेल्यांनी तरी करू नये.

मग दुःखात असलेल्याने काय करावे? न रडता सोसावे? तसेही धर्म सांगत नाही. हजरत याकूब (अ.) मुलाच्या विरहाने इतके रडले की त्यांची दृष्टी गेली, तरी कुरआन त्यांच्या धीराला सुंदर सब्र म्हणून मान देते. हजरत अय्यूब (अ.) यांनी आजारपणात आपले दुःख अल्लाहपाशीच मांडले. तान्हा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबरांच्या (स.) डोळ्यांतून पाणी वाहिले, आणि ते पाणी म्हणजे माया आहे असे त्यांनी सांगितले. ज्या वर्षी त्यांच्या पत्नी हजरत खदीजा (र.) आणि सांभाळ करणारे काका अबू तालिब गेले, ते वर्ष इस्लामी इतिहासात 'दुःखाचे वर्ष' म्हणूनच ओळखले जाते. त्याला कोणी 'परीक्षेचे वर्ष' असे गोंडस नाव दिले नाही. सब्र म्हणजे दगड होणे नव्हे. सब्र म्हणजे रडतानाही हात न सोडणे.

कुरआनात 'अश्-शर्ह' नावाची छोटीशी सूरह आहे. अडचण आणि सुटका यांविषयीचे वचन तिथे लागोपाठ दोनदा येते. त्यातल्या एका शब्दाकडे मी विद्यार्थ्यांचे नेहमी लक्ष वेधते. अडचणी'नंतर' सुटका येईल असे तिथे नाही. अडचणी'सोबत' सुटका असते, असे आहे. 'नंतर'ची वाट पाहणारा तारखा मोजतो आणि खचतो. 'सोबत'वर विश्वास ठेवणारा आजूबाजूला पाहू लागतो. अडचणीच्याच दिवशी शेजारच्या काकूंची भाकरी टोपलीत पडलेली असते. ती दिसण्यापुरते डोळे उघडे हवेत.

सोबत म्हणजे शेवट गोड, असे मात्र कोणी समजू नये. अब्बांचे दुकान पुन्हा पूर्वीसारखे चालले नाही. पुढचा रमजान त्यांना दिसला नाही. दफनानंतर जमलेल्यांपैकी कितीतरी जणांनी मला ईश्वरी इच्छेबद्दल चांगले चांगले सांगितले. त्यातले आज काही आठवत नाही. आठवतात त्या काकू. त्या आल्या, काही न बोलता चुलीपाशी बसल्या, चहा टाकला आणि माझ्या आईच्या हातात कप देऊन तिच्याशेजारी बसून राहिल्या.

या महिन्यात माझ्या मुस्लिम बंधुभगिनींना एवढेच सांगेन, की जकात आणि फितरा देताना घेणाऱ्याला गरिबीचे कारण विचारू नका आणि धडाही शिकवू नका. ईदच्या नमाजेआधी फितरा पोचवण्याची ताकीद आहे ती त्याच्या घरीही त्या दिवशी शिरखुर्मा व्हावा म्हणून. उधारीच्या वहीत एखादे नाव फार दिवस अडकले असेल आणि तो माणूस खरोखर हतबल असेल, तर त्या पानाचे काय करायचे ते देहूच्या वाण्याने चारशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवले आहे. आणि जे वाचक रोजा धरत नाहीत त्यांनाही एक विनंती. आपल्या ओळखीच्या ज्या घरावर सध्या वाईट दिवस आहेत, तिथे अर्थ सांगायला जाऊ नका. डबा घेऊन जा.

आणि ज्यांच्यावर आज वेळ आली आहे, त्यांना मी कोणत्या तोंडाने काय सांगणार? एवढेच, की दार बंद झाले म्हणजे हाकलले असेच नसते. कधी नेमणूक बदललेली असते. नवी जागा कुठली, हे दुसरा कोणी सांगू शकत नाही. ते ज्याचे त्याला, ज्याच्या त्याच्या वेळी कळते. तोवर पोटाला खा, रडू आले तर रडा आणि पाणी मागायला संकोचू नका.

सारोळ्यातला तो लाकडी बाक अजून तिथेच आहे. रमजान लागला की माझा भाऊ त्याच्यावर माठ आणून ठेवतो. परवा इफ्तारच्या थोडे आधी एक ट्रकवाला थांबला, पाणी प्यायला आणि भावाला म्हणाला, "मामा, हे कुणाच्या नावानं?"

भाऊ म्हणाला, "ड्यूटीवर आहे."